पासंग

पुस्तकात तराजूचं चित्र होतं.
निळी दांडी, पिवळी पारडी,
एकात कलिंगड
आणि दुसऱ्यात दात काढून बसलेलं माकड.
एकूणचाळीस पोरांना माकड आवडलं,
वस्तुमान कुणालाच नाही.

म्हणून शनिवारी सकाळी
टिंबर मार्केटमागच्या ढमाल्यांच्या भंगार दुकानातून
खराखुरा तराजू मागून आणला,
दोन तासांच्या बोलीवर.
सोबत लोखंडी वजनं, दोन किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत,
प्रत्येकाच्या तळाशी शिशाची टिकली, तिच्यावर सरकारी छाप.
काशेवाडीच्या गल्लीतून येताना
पिशवीचे बंद बोटांत असे रुतले
की वाटलं, धडा इथूनच सुरू करावा,
हे लाल वळ दाखवून.

खिडकीच्या गजाला तराजू टांगला.
खडूची पेटी पारड्यात ठेवणार
तोच मागच्या बाकावरून मल्लव्वा उठली.

मल्लव्वा कट्टीमनी, चौथी ब.
जूनपासून एवढे खाडे
की हजेरीपटातली तिची ओळ
जाळीसारखी दिसते.
आज कुठून उगवली कोण जाणे.
मी म्हटलं, "काय गं, किती दांडी मारशील?"
ती माझ्याकडे बघतच नव्हती.
"दांडी ढमालेशेठ मारतो, बाई.
मी नुसती बघायला जाते."

तिच्या आईला आकडे येत नाहीत.
मल्लव्वाला येतात.
मीच शिकवले, दुसरीत,
काड्यांचे गठ्ठे बांधून.

"आधी रिकामा तोलायचा," ती म्हणाली,
आणि माझ्या हातातली पेटी काढून टेबलावर ठेवली.
वर्ग गप्प.
रिकामी पारडी जराशी झुलली, थांबली,
आणि उजवं, वजनांचं,
बोटभर खालीच राहिलं.

पुस्तकात असं नव्हतं.
माझ्या डी.एड.च्या पाठ-टाचणाच्या वहीतही
रिकामी पारडी नेहमी
पट्टीने आखलेल्या रेघेवर असायची.

तिने पारडं पालथं केलं.
नखाने चाचपलं.
कडीजवळ डांबराची गोळी, वाळलेली, जुनी,
लोखंडाच्याच रंगाची.
आदेश म्हणाला, "काढ ना!"
"नको. त्यो ओळखंल.
आईला परत तिथंच जायचंय."

मग कोपऱ्यातल्या सुतळीचा तुकडा घेतला,
डाव्या पारड्याला एक खडू बांधला.
जास्त झाला.
दातांनी तोडला. पुन्हा बांधला. अजून जरा कुरतडला,
ओठ पांढरे झाले.
काटा उभा राहिला.
"ह्याला पासंग म्हणतात," मी म्हटलं.
तिला नाव नको होतं,
पण बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर काय काय तोललं नाही!
नौशीनचा डबा, नळाची तुटकी तोटी,
मुख्याध्यापकांचा पेपरवेट (आदेशने न विचारता आणलेला),
पोपटाचं एक पीस, ज्याने काटा हललाच नाही,
आणि त्यावरून झालेलं भांडण.
हजेरीपट भरला पाचशे ग्रॅमला जरा कमी,
मल्लव्वाच्या सगळ्या खाड्यांसकट.
कंपासपेटीचा अंदाज सगळ्यांचा चुकला.
तिने हातात घेऊन सांगितलं, दीडशे.
दीडशेच.

घंटा झाल्यावर जवळ येऊन म्हणाली,
"देताना खडू सोडा हां, बाई."

सोडला.
दुकानाच्या अलीकडे, रसवंतीच्या आडोशाला,
गाठ निघेना तेव्हा दातांनी.

ढमाल्यांनी तराजू घेतला, हुकाला लावला.
"झालं का शिकवून?"
पोती घेऊन बायका रांगेत होत्या.
तिसरी मल्लव्वाची आई असावी, कपाळ तेच.
आज एकटीच.
मला पावणेदोनची बस गाठायची होती.
मी काट्यासमोर जाऊन उभी राहिले,
मुठीत खडू.

"बाई, अजून काही हवंय?"

"नाही," म्हटलं.
"नुसती बघतेय."